भाईंची पडवी

१० नोव्हेंबर
वडील, म्हणजे आमचे भाई, हॉस्पिटलमधून घरी आले. डावी बाजू गेली आहे, बोलणं शाबूत. तीस वर्षं होडीवर काढलेला माणूस, आता आतल्या खोलीत खाटेवर. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते. म्हणाले, "माका भायर बसाक होया. येतली-जातली माणसां दिसतली."
पुढच्या अंगणात, खळ्यात, दिवसभर ऊन. त्यामुळे दारासमोर पडवी हवी. पंधरा दिवसांत देतो म्हटलं. शब्द दिला.

११ नोव्हेंबर
चंदन मेस्त्री येऊन बघून गेला. "चार खांब नि वर पत्रे. आठ दिसांचां काम." म्हटलं, आधी डिझाईन. चित्रकला शिक्षकाच्या घराची पडवी चार खांब नि पत्रे अशी कशी असेल? घरांची डिझाईन करायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. दोन दिवसांत आटपेल.

१६ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर पडवीला खोली समजतं. चारी बाजूंनी भिंत घालतं. भिंत पुसली की जमीन पण जाते.

२५ नोव्हेंबर
जमीन राहिली. छप्पर बसवलं. ते घराच्या छपरातून आरपार जाऊन भाईंच्या खाटेवर निघालं.
आज पंधरा दिवस झाले. भाई काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१ डिसेंबर
पाऊण तासाचा व्हिडिओ बघितला. शिकवणाऱ्याच्या गावी बर्फ पडतो. छपरावर बर्फाचं वजन किती ते काढायला लावलं त्याने. इथे आमच्या तोंडवलीत लागणार नाही, पण पाया पक्का हवा म्हणून काढलं.
चंदनचे दोन फोन. उचलले नाहीत. डिझाईन अर्धवट असताना काय बोलणार?

५ डिसेंबर
चंदनने आचऱ्याला दुसरं काम धरलं. संक्रांतीपर्यंत मोकळा नाही. एका अर्थी बरंच. मला वेळ मिळाला.
हे बायकोला, किशोरीला सांगितलं. ती भाईंची चादर बदलत होती. ऐकून घेतलं आणि चादर बदलत राहिली.

१२ डिसेंबर
छप्पर जमलं! कौलं, लाकडी कठडा, कुंड्या. पडवीत एक माणूस बसवला, सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. लॅपटॉप खाटेवर नेऊन दाखवला.
भाईंनी बराच वेळ बघितलं. "हो कोण?"
म्हटलं, तुम्हीच.
"कप डाव्या हातात दिलंस. माका धरूक येता काय?"
किशोरी दारात उभी होती. म्हणाली, "भाईंका आतच पडवी दाखवतास. भायर कधी नेतलास?"

१४ डिसेंबर
उजव्या हातात कप असलेला माणूस दोन दिवस शोधला. एक सापडला, पण बाई आहे.

२१ डिसेंबर
पडवीचं चित्र स्टेटसला ठेवलं. अगदी फोटो वाटतो. शाळेतल्या समीक्षा मॅडमनी विचारलं, कधी बांधली? 'नुकतीच' असं टाइप झालं. नंतर खोडणार होतो, पण त्यांनी हार्ट पाठवलं होतं.

२२ डिसेंबर
रेडीहून नम्रताचा फोन, भाईंना. बहिणीने स्टेटस बघितला असणार हे लक्षातच आलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. "भाई, पडवी बरी झाली मां?"
मी बाहेरच्या खोलीत. लॅपटॉप बंद केला.
भाई म्हणाले, "व्हय गो. बरी झाली. वारो येता."
खाटेवर आडवे, भिंतीकडे तोंड करून.
मी आत गेलो नाही. उद्या सकाळी चंदनला आचऱ्यात गाठायचं. नक्की.

२३ डिसेंबर
गाडीत पेट्रोल नव्हतं. शिवाय कठड्याचा रंग ठरायचा आहे.

३ जानेवारी
नम्रता रविवारी पडवी बघायला येतेय. भाईंना म्हटलं, तिला खरं काय ते सांगून टाकतो. म्हणाले, "कित्याक? ती इली म्हणजे बघतलीच."

५ जानेवारी, रविवार
नम्रता आली. खळ्यात उन्हात उभी राहून वर आभाळाकडे बघितलं. "दादा, पडवी खंय आसा?"
मी लॅपटॉप उघडायला लागलो. ती थांबली नाही. मागच्या बाजूला गेली, भाईंच्या होडीची ताडपत्री ओढत आणली. किशोरीने बांबू काढले. दोघींनी चार खड्डे खणले. मी एक बांबू धरला. पश्चिमेची बाजू थोडी खाली घ्या, असं सुचवलं. त्यांनी घेतली.
एक तास दहा मिनिटं लागली.
मग त्या दोघींनी भाईंना दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं. मी खुर्ची आणली. आठ आठवड्यांनी त्यांच्या अंगाला वारा लागला. डोळे मिचकावत राहिले, उजेडाने. निदान मी तसं समजलो.

६ जानेवारी
शाळेतून आलो तेव्हा भाई ताडपत्रीखाली बसले होते. किनाऱ्यावरून परतणारे थांबत होते. महादू तांडेल थांबला, तब्येत विचारली. मग वर बघून म्हणाला, "सावली बरी केलास."
"झिलान बांधल्यान," भाई म्हणाले. झिल म्हणजे मुलगा, म्हणजे मी.
मागून दोघे आले. त्यांनाही तेच सांगितलं.
मी दाराआड होतो. बाहेर जाऊन खरं सांगायला हवं होतं.
दप्तर आत ठेवायचं होतं, म्हणून आत गेलो.