मॅगीचे शंकरपाळे

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरीण म्हणाली, शुगर आहे, चाला. कुठं? कुठंच नाही. नुसतं जायचं आणि परत यायचं! हे औषध.

सुनेनं — उपासनानं — जुन्या कालव्यावर नेऊन सोडलं. कालवा बंद पडून जमाना झाला. गुडघाभर पाणी, त्यावर बर्फ. पूर्वी काठाकाठानं खेचरं दोर लावून होड्या ओढायची म्हणे. खेचरं गेली, आता मी.

आमच्याकडं कालव्याला पाणी आलं नाही तर लोक रस्ता अडवतात. इथं आटलेला कालवा बघायला गाडी करून येतात, आणि ब्युटिफुल म्हणतात!

सिद्धेश म्हणतो, "आई, व्हिसाचे कागद करतो, इथंच कायमची राहा." म्हटलं नाही. दहा फेब्रुवारीचं तिकीट आहे, मी जाणार. इतके दिवस झाले, शेजारच्या घरातनं एक वाटी इकडं आली नाही की इकडची तिकडं गेली नाही. असल्या ठिकाणी माणूस राहतो होय?

९ जानेवारी, गुरुवार

कुत्र्यांच्या भीतीनं काठी घेऊन गेले. झालं उलटंच. काठी बघूनच एक तपकिरी कुत्री धावत आली आणि टोक तोंडात धरून ओढायला लागली. मी हाड हाड करते, ती शेपूट हलवते! ओढाओढीत बर्फावरनं घसरले. तिच्या मालकानं दंड धरला म्हणून, नाहीतर कालव्यात होते. म्हातारा, उंच, कानटोपीवाला. नाव वॉल्टर. कुत्री मॅगी. शेवयांचं नाव कुत्रीला!

१० जानेवारी

कुणाचा उपकार ठेवायची मला सवय नाही. शंकरपाळे नेले, आईनं लग्नात दिलेल्या स्टीलच्या डब्यातनं. झाकणावर माझं नाव घातलंय, 'गिरिजा'. म्हटलं, "होम मेड. गुड." त्यानं छातीला हात लावला, थँक्यू थँक्यू केलं — आणि डब्यासकट गेला की! मला इंग्रजीत 'डबा ठेव' म्हणता येईना. गेला आईचा डबा.

१३ जानेवारी, सोमवार

आला! आणि भरून आला!! रिकामा डबा परत करू नये हे ह्याला कुणी शिकवलं? आईबापांनी वळण लावलंय म्हाताऱ्याला.

आत बिस्किटं, घरी भाजलेली. आकार डमरूचा. गोड अजिबात नाहीत — म्हणजे माझी शुगर त्याच्या ध्यानात आली. शेंगदाण्याचा वास. चहात बुडवली की झकास.

लगेच दुसरा घाणा शंकरपाळ्यांचा घातला.

१८ जानेवारी

डबा गेला, आला. गेला, आला. वॉल्टर खुणा करून सांगतो, सगळे संपले, सगळे! पोट तरी केवढं आहे ह्याचं.

आज घरी हळदीकुंकू. तिळगुळाशेजारी डमरू बिस्किटं मांडली. वीणाताईंनी चार खाल्ली. "किती हेल्दी हो! रेसिपी द्या ना." सिद्धेश मूठभर ऑफिसात घेऊन जातो, मीटिंगमध्ये वाटतो.

१९ जानेवारी

सिद्धेशनं परत विचारलं, राहतेस का. मी म्हटलं, बघू.

'बघू' कसं निघालं तोंडातनं?

२६ जानेवारी, रविवार

उपासना आज बरोबर आली. वॉल्टर बाकावर बसलेला. माझ्यादेखत डबा उघडला, शंकरपाळा काढला आणि — मॅगीच्या तोंडात! मग आणखी एक. "शी लव्ह्स देम!"

मग काहीतरी विचारलं त्यानं. उपासनाचं तोंड पांढरं.

"आई, ते विचारताहेत, तुमच्या कुत्र्याला त्यांची बिस्किटं आवडली का."

"आपल्याकडं कुठाय कुत्रा?"

"तेच ना आई! तुमच्या हातात कुत्र्याला खेळवायला असते तशी काठी, सगळे इथं कुत्र्यासाठीच येतात... त्यांना वाटलं तुमचाही घरी असेल, आणि शंकरपाळे पण कुत्र्याचेच. म्हणून त्यांनी मॅगीचीच बिस्किटं..."

मी काठी तिथंच टाकली आणि चालू लागले. मॅगी काठी घेऊन गाडीपर्यंत आली. निर्लज्ज.

माझ्या हातचं साजूक तुपातलं! आणि हळदीकुंकवाला आठ सवाष्णी!

२७ जानेवारी

वीणाताईंचा फोन. रेसिपी. म्हटलं, विसरले.

२ फेब्रुवारी

चालायला जात नाही. उपासना परस्पर त्याला सांगून आली, की ते माणसांसाठी होते. कपाळाला हात लावून बसला म्हणे.

बसू दे. सिद्धेशला बजावलं, दहा तारखेला जाणार म्हणजे जाणार.

"आणि डबा?"

"राहू दे कुत्रीला."

बोलले खरं. आईनं दिलेला एवढाच डबा उरला होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅग भरत होते. बेल वाजली. वॉल्टर! थंडीनं नाक लाल, बोटांना पट्ट्या. पुढ्यात मॅगी. हातात डबा — माझा नाही, त्याच्या घरचा पत्र्याचा, वर घंटांचं चित्र.

आत शंकरपाळे. त्यानं केलेले! फोनवर बघून, दोन दिवस तळत होता म्हणे. निम्मे काळे, निम्मे कच्चे, एकाचा आकार दुसऱ्याला नाही.

"युवर बॉक्स — आय एट. ऑल. मी. नॉट मॅगी." स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तीनदा सांगितलं. माझ्याशी बोलून बोलून माझ्यासारखंच इंग्रजी झालंय त्याचं.

एक खाल्ला. दाढ हलली. मीठ केवढं! मॅगीला टाकला तर तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

म्हटलं, "गुड." आणि दुसरा उचलला.

९ फेब्रुवारी

माझा डबा त्याच्याकडं राहिला. त्याचा माझ्याकडं, आणि तो रिकामा तर धाडता येत नाही. सिद्धेशला म्हटलं, तिकीट रद्द कर. आणि येताना मैदा आण.