धुक्यासाठी चारशेची फिल्म

मी, नीला अंबादास खांडवेकर, वय ७२, निवृत्त अनुवादक, राहणार सेक्टर ३४, नोएडा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. जबरदस्ती कोणी केलेली नाही. यजमान फक्त "आटप, जेवण गार होतंय" एवढेच म्हणाले.

१. राहता फ्लॅट व ठेवी यजमानांना, त्यांच्यानंतर कन्या तनयाला. फ्रिजच्या दारातले फिल्मचे रोल तनयाने न्यावेत व ती जागा अंबादासना लोणच्यासाठी द्यावी. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरपासून ते मागत आहेत.

२. कॅमेराही तनयाला. फोनवर रंगीत फोटो काढून मग रंग घालवणे तिने बंद करावे. बेटा, धुक्यात चारशे स्पीडची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घाल, कॅमेऱ्याचा मीटर सोळाशेवर ठेव, डेव्हलप करताना वेळ वाढव. सावल्या काळ्याकुट्ट होतील, फोटोवर फिल्मचे दाणे दिसतील. दिसू देत. शंभरची गुळगुळीत फिल्म लग्नाच्या फोटोंना ठीक.

३. जानेवारी १९९६ची एक निगेटिव्ह श्री. इंद्रजित देशमाने यांना. खुलासा आवश्यक आहे. सकाळचे दाट धुके, कस्तुरबा गांधी मार्गाचा बसस्टॉप, पाठमोरी बाई टाचा उंचावून बस शोधते आहे. देशमाने आमच्या ऑफिसच्या फोटो स्पर्धेचे परीक्षक. सर्वांदेखत म्हणाले, "नीलाताई, हा फोटो आहे की रवा?" त्यानंतर अठ्ठावीस वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या वर्षी तनयाने माझ्या फोनवरून तो फोटो ऑफिसच्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात देशमान्यांचा फोन.

"ती बाई... आमची चेतना आहे हो. अशीच टाचा वर करून बघायची. शालही तिचीच."

त्यांच्या पत्नी चेतनाताईंना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी त्यांना कधी भेटलेही नव्हते. मी विचारले, "आणि दाणे?"

"राहू देत. त्यांच्यातच आहे ती."

मोठी प्रिंट काढून मी मेट्रोने स्वतः नेऊन दिली. त्यांनी फार गोड चहा पाजला. आता तेही चारशेची फिल्म वापरतात आणि रविवारी माझे मत मागतात. मी एकही चूक सोडत नाही.

४. अंमलबजावणी तनयाने करावी.

साक्षीसाठी देशमाने पेन घेऊन आले होते. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले.

"अच्छा? मग सही राहू दे, निगेटिव्हच द्या," म्हणाले आणि पेनाला टोपण लावले.

आम्हा दोघींसमक्ष नीलाताईंनी हसत सही केली:
१. ॲड. निधी बर्वे
२. सलोनी गद्रे, शेजारी

नोएडा, १९ जानेवारी २०२५
सही: नीला अं. खांडवेकर