मुकादमाच्या मांडीचं माप

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकता आली; उरलेली दोन टेकली असं धरून चाल.) तुझी, लेकीची आणि मी अजून न पाहिलेल्या नातवाची तब्येत उत्तम असेल. बाळ रात्रंदिवस रडतं असं तू म्हणालीस, म्हणजे आपल्याच घराण्यावर गेलंय. इकडे मी बरा, तुझी भावजय बरी, शिलाई मशीन बरं. तुझ्या कुत्र्याचं या यादीत नाव नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दर रविवारी फोनवर तू विचारतेस, मुकादम कसा आहे, आणि मी म्हणतो, झकास. ताई, तो झकास नव्हता. फोनवर सांगायला गेलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहितोय. आधी खाली बस, पाणी पी, बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे आणि मग पुढे वाच.

तू त्याला माझ्याकडे सोडून लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हा त्याच्या मागच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके नुकतेच निघाले होते. जनावरांना व्यायाम देणाऱ्या त्या फिजिओथेरपीच्या बाईंचा कागद तू माझ्या हातात दिलास आणि दोनदा वाचून दाखवायला लावलास. मी वाचला, मान डोलावली आणि तुझी गाडी वळल्यावर पोट धरून हसलो. कुत्र्याला फिजिओथेरपी. (उद्या पोपटाला चष्मा.) आपल्या लहानपणी कुत्रा लंगडला की आठ दिवस लंगडायचा आणि मग आपला आपण धावायला लागायचा, असं माझं ठाम मत. बाई म्हणाल्या होत्या की तसा धावायला लागलेला कुत्रा बरा झालेला नसतो, तीन पायांवर भागवायला शिकलेला असतो. आणि न वापरलेल्या पायाची मांडी दिवसागणिक सुकत जाते. पण मला कोण शिकवणार? बेचाळीस वर्षं मी माणसांच्या मांड्या मोजतोय.

तरी सुरुवात मी मनापासून केली हो. कागदावर होतं, गुळगुळीत फरशीवर चालवू नका, पाय घसरतो आणि शिवलेला गुडघा पुन्हा दुखावतो. आपल्या दुकानाची फरशी तुला ठाऊक आहे, तिच्यावर मीच दोनदा आपटलोय. सतरंजी एकच, तीही तोकडी. म्हणून मी कपाटातलं सुटाचं कापड काढलं आणि दारापासून मशीनपर्यंत अंथरलं. मुकादम त्यावरून असा डौलात चालला की मलाच उठून उभं राहावंसं वाटलं. नेमकं त्याच वेळी त्या कापडाचं गिऱ्हाईक दारात. बँकेतला मनुष्य, लेकाच्या लग्नासाठी सूट शिवायला टाकलेला. त्यानं कापड पाहिलं, कुत्रा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कापड शिवण्याआधी थोडं मळवून घ्यावं लागतं. तो शांतपणे कापडाची घडी करून घेऊन गेला. (आता तो समोरच्या शिंप्याकडे जातो आणि जाताना आमच्या कुत्र्याला नमस्कार करतो, मला नाही.)

असो. विषय मांडीचा आहे आणि मी कापडाकडे पळतोय, हे तू ओळखलं असशीलच. तर काम असं होतं. सकाळ-संध्याकाळ आधी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. मग आडवं झोपवून गुडघा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा, त्यानं तोंड फिरवलं किंवा ओठ चाटायला लागला की तिथंच थांबायचं, कारण कुत्रा दुखतंय म्हणून ओरडेलच असं नाही. मग पट्टा धरून दहा मिनिटं मुंगीच्या पावलानं चालवायचं, म्हणजे पाय टेकवण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. जिना नाही, सोफा नाही, उड्या नाहीत. आणि दर शनिवारी दुखऱ्या मांडीचं माप घेऊन बाईंना कळवायचं. चांगली मांडी चौदा इंच, दुखरी बारा. ती चौदाच्या जवळ आली की पुढचे व्यायाम.

आता ऐक. पहिल्या शनिवारी मी टेप लावली, माप आलं बारा, आणि वहीत लिहिलं साडेबारा. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, शपथेवर सांगतो. मांडीचं माप घेतलं की शिंप्याचा हात सैल धरूनच लिहितो, नाहीतर गिऱ्हाईक पँट घालून बसू शकत नाही. माझ्या लक्षातही आलं नाही. बाईंचा फोन आला, काका, एका आठवड्यात अर्धा इंच, कमाल केलीत तुम्ही. ताई, बेचाळीस वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. गिऱ्हाईक परत येतं ते काख आवळते म्हणून सांगायला. मी दोन दिवस मशीनवर शीळ घालत होतो.

दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांची गर्दी झाली. सकाळचा शेक राहिला, मग संध्याकाळचं चालणं राहिलं, मग वाकवणं-बिकवणं सगळंच राहिलं. मुकादम मशीनखाली पडून असायचा आणि भाकरीची टोपली वाजली की तीन पायांवर धावत यायचा. मी म्हणायचो, बघा, ठणठणीत आहे. शनिवारी माप आलं बारा. वहीत बघतो तर साडेबारा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पहिला अर्धा इंच माझ्या हातानं घातलाय. तिथंच फोन उचलून सांगायचं होतं. मी लिहिलं तेरा. पुढच्या शनिवारी साडेतेरा. पहिला अर्धा इंच सवयीचा होता, पुढचा सगळा माझा.

बाईंनी अर्थातच पुढचे व्यायाम दिले. चढण चढवा, बसवून उठवा, थोडं पळवा. मी त्याला गोदामाच्या उतरणीवर नेलं. तो अर्ध्यावर थांबला, पाय उचलून धरला, आणि ती मांडी थरथरायला लागली. तरी मी पट्टा ओढला, ताई. ओढला. रस्त्यात दोन माणसं बघत होती आणि मला वाटलं, कुत्रा माझं ऐकत नाही असं त्यांना दिसायला नको. तो ओरडला नाही. खाली बसला आणि माझ्या हाताचा वास घेतला, जसा तू परत आल्यावर तुझ्या हाताचा घेतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला उचलून घरी आणला. (वजन बावीस किलो. हे खरं आहे, सैल धरलेलं नाही.)

पुढच्या तपासणीला दवाखान्यात बाईंनी स्वतः मोजलं. पावणेबारा. त्यांनी माझी वही पाहिली, मांडी पाहिली, पुन्हा मोजलं. मग माझी टेप हातात घेऊन म्हणाल्या, काका, ही फार जुनी आहे, ताणली गेली असेल, म्हणून चुकलं तुमचं. आणि खणातून नवी कोरी टेप काढून मला भेट दिली. आता कुठलंही शिंप्याचं पोर सांगेल की टेप ताणली तर माप कमी येतं, जास्त नाही. मी नाही सांगितलं. थँक्यू म्हणालो आणि खिशात घातली. घरी तुझी भावजय म्हणाली, नवी टेप कुठली? मी म्हणालो, बक्षीस. (तिला सगळं आधीच कळलं होतं. तिला सगळं आधीच कळतं.)

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. टेप खिशातून काढली की मुकादम मुकाट उठून आडवा व्हायचा आणि पाय पुढे करायचा. त्याला वाटायचं, आता हा मला बरा करणार. चौथ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सगळं ओकलो. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढून पाहिला, गुडघ्याचं ऑपरेशन शाबूत आहे म्हणाल्या. पण एक महिना वाया गेला, पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि आता हयगय झाली तर तो जन्मभर लंगडेल. मग विचारलं, ताईंना सांगितलंत? त्या प्रश्नाला आज पाच आठवडे झाले.

या पाच आठवड्यांत एक वेळ चुकली नाही. शेक, वाकवणं, मुंगीची पावलं. दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे: सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास बंद. गिऱ्हाईकं हसतात, हसू देत. परवा तो चारही पाय टेकून उभ्यानं पाणी प्यायला, अख्खी वाटी संपेपर्यंत, आणि मी व तुझी भावजय नवरानवरी बघावे तसे बघत राहिलो. आजचं माप तेरा इंच. हे अगदी खरं माप. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला तोंड नाही, तरी लिहितो.

रागव, हवं ते बोल, पण फोनवर बोल. भेटल्यावर गप्प बसू नकोस.

तुझा धाकटा (आणि सध्या फारच लहान झालेला)
भाऊ

ता. क. नातवाला दोन झबली पाठवतोय. मोठी झाली तर नवल नको.

ता. क. २. खरं सांगायचं ते हे की तू येत्या शनिवारी येऊन त्याला घेऊन जाणार आहेस. ताई, नेऊ नकोस. तुझ्याकडे जिना आहे, लेक बाळाला घेऊन येणार आहे, तुझी धावपळ होईल. दोन्ही मांड्या सारख्या होईपर्यंत त्याला माझ्याकडे राहू दे. मी बिघडवलंय, मलाच नीट करू दे. मग मी स्वतः त्याला तुझ्या दारापर्यंत चालवत आणीन, मुंगीच्या पावलानं, चारही पायांवर.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं आणि टेप घेऊन मुकादमाकडे गेली. वर तेरा लिहिलंय ते पावणेतेरा वाच. मला खरंच कळलं नाही गं, कधी लिहिलं ते. यापुढे माप ती घेईल, लिहीलही तीच. मी फक्त पाय वाकवीन. एवढ्यावर ठेवशील का त्याला माझ्याकडे?