उकळलेलं तीर्थ

बाबा, तुमची तामचिनीची पांढरी ताटली अजून माझ्याजवळ आहे, इथे अकोल्यात. भोकं पाडून दोरी बांधलेली, त्यामुळे जेवायच्या कामाची नाही आणि टाकवतही नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता. अमरावतीच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर आपल्या गावच्या तळ्याकाठच्या लोकांना हाताशी धरून पाणी तपासत होते, फुकटचं काम, आणि महादेवाचे पुजारी असून तुम्ही त्यात सगळ्यांत पुढे. रविवारची पूजा आटोपली की तुम्ही घाटावरून ताटली पाण्यात सोडता, पाणी किती गढूळ ते कळावं म्हणून ती दिसेनाशी होते तिथे दोरीला गाठ मारता, मग बाटली भरून सरांना नेऊन देता. आई म्हणायची, "हात दाखवून अवलक्षण करून राहिले तुमी." तसंच झालं. शिवरात्रीच्या तोंडावर सर घरी आले. पाणी बिघडलंय, न उकळता कोणाच्या पोटात जाऊ देऊ नका, म्हणाले. आणि त्याच पाण्याचं तर तुम्ही तीर्थ देत होता.

शिवरात्रीच्या पहाटे चुलीवर हंडा चढला. आई उकळते, मी गाळून, निववून गाभाऱ्यात पोचवते. "लोकांना कळलं तर?" मी विचारलं, तर केवढ्यानं खेकसलात. "कळलं तर कळलं. चोरी करून राहिलो का मी?" परतवाड्याकडूनही माणसं आली होती, रांग घाटाखाली गेलेली. दुपारी निवलेलं पाणी संपलं, दुसरा हंडा अजून चुलीवर, आणि तुम्ही पळी खाली ठेवलीत. देवळाचे पंच पुढे आले. "एवढं तळं भरलं हाय महाराज, अन् पाणी सरलं म्हनता? काहून?" तुम्ही सगळं सांगून टाकलंत, तिथेच, सगळ्यांसमोर. रांगेतून कोणी ओरडलं, "देवाले बी चहावानी उकळता का?"

"देव नाही उकळला, पाणी उकळलं," तुम्ही म्हणालात. आवाज खणखणीत. पंच म्हणाले, तळ्यातून भरा, नाहीतर पूजा सोडा. तुम्ही पूजा सोडून बाहेर आलात आणि आपल्या घरावर पोटाला चिमटा काढायची वेळ आली. संध्याकाळपर्यंत तुमच्याच चुलत भावानं तळ्याचं कच्चं पाणी तीर्थ म्हणून वाटलं.

कोणी आजारी पडलं नाही. लोक तोंडावर हसले, आणि तुम्ही मनापासून म्हणत राहिलात, "बरं झालं, कोणाला काही झालं नाही." मला तुमचा फार राग यायचा तेव्हा. आता तुम्ही नाही, मग हे पत्राचे कागद कुठे टाकायचे? ताटलीखाली ठेवून देईन. पण एक सांगते. अकोल्याला येईपर्यंत रोज सकाळी मी दाराशी बसून कान द्यायची, कोणाच्या घरून रडणं येतं का म्हणून. एक तरी आजारी पडावं, म्हणजे तुम्ही खरे ठराल. त्या रांगेत माझ्या मैत्रिणीही होत्या, बाबा.