दुसरा हिसका

मी, स्केव्होस मिखाईल, वय एकाहत्तर, राहणार कालिम्नोस बेट, हे माझ्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. बंदरावरचं घर माझी बहीण इरिनी हिला द्यावं. वरचं छप्पर गळतं. दहा वर्षं 'उद्या करतो' म्हणत आलो, त्याबद्दल तिने मला माफ करावं.

२. सुतारकामाची हत्यारं चुलतभाऊ पोथितोस याला. त्यात मोठी पकड धरलेली नाही, कारण ती त्याने विचारल्याशिवाय आधीच नेली आहे.

३. बुडी मारायचा संगमरवरी दगड आणि त्याचा दोर इरिनीची मुलगी थेमेलिना हिला, पण तिने आधी पुढचं वाचावं.

तिचे वडील साकेलारिस, म्हणजे माझे दाजी, हा दगड धरून तळाला जात आणि मी होडीतून दोर ओढून त्यांना वर घेई. दगडाच्या शर्यतीत आमची जोडी सात वर्षं पहिली आली. रीत अशी की खालून एक हिसका आला की ओढायचं. पण शेवटच्या शर्यतीला दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मेव्हण्या, गेल्या खेपेला घाबरून लवकर ओढलंस. आज दोन हिसक्यांशिवाय हात हलवलास तर इरिनीला सांगेन, तुझ्या भावाचे हात लटपटतात!"

सगळे हसले, मीही हसलो.

ते चाळीस वाव, म्हणजे सत्तरएक मीटर, खाली गेले. एक हिसका आला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. शेवटी ओढलं तेव्हा दगड एकटाच आला. दाजी कधीच सापडले नाहीत. चौकशीत मी सांगितलं की हिसका आलाच नाही. इरिनी, आला होता. बावीस वर्षं तुझ्या हातचं जेवलो आणि हे तोंडातून निघालं नाही. मला लाज वाटते.

४. दरवर्षी त्या दिवशी मी तिथे नुसता दगड सोडतो. वर ओढताना त्याला माणसाचं वजन असतं. पहिल्या वर्षी ते तीस वाव खोलीवर सुटलं. मग दरवर्षी थोडं वर. गेल्या वर्षी एका वावावर सुटलं आणि ओला दोर हाताला ऊन लागला.

उद्या तो दिवस आहे. थेमेलिना म्हणाली, "मामा, यंदा बुडी मी मारणार. तू नुसता ओढ, जमेल ना म्हाताऱ्या?" मी तिला परवाचा वायदा केला आहे. वर येणाऱ्याच्या वाटेत पोरगी नको.

५. होडी रिकामी सापडली आणि दोर खाली ताठ असला, तर थेमेलिना, दोर हातात घे. एक हिसका आला की ओढ. दुसऱ्याची वाट पाहू नकोस.

साक्षीदारांना मी मजकूर वाचू दिलेला नाही. त्यांनी फक्त माझी सही पाहिली.

(सही) स्केव्होस मिखाईल
साक्षीदार: मिकेस, बेकरीवाला (सही)
साक्षीदार: थेओफिलोस, चर्चचा घंटावाला (सही)
कालिम्नोस, ९ ऑगस्ट २०२४