ब्रेकातलं वारं

कुंभारवाडा,
सोमवार, न्याहारीनंतर

तीर्थरूप नारायणमामा यांच्या पायांशी भाचा आणि जावई अशा दोन्ही नात्यांनी परशूचा दोनदा नमस्कार. (सासरे झालात तरी 'मामा' ही हाक काही सुटत नाही.) इकडे मी बरा आहे, म्हैस बरी आहे, भात पोटरीत आहे. तुमच्या गुडघ्याची सूज, मामींचा खोकला आणि तुमच्या लेकीचा माझ्यावरचा राग, तिन्ही उतरली असतील अशी आशा आहे. टॉवर बंद पडल्यामुळे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र रामनगरच्या बसच्या कंडक्टरकडे देत आहे.

नेत्रा माहेरी का आली हे तिनं तिच्या परीनं सांगितलं असेलच, आता माझ्या परीनं ऐका. मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचं ऑइल काळ्या चहासारखं झालं होतं, ते मी घरीच बदललं. बदलताना नळीत हवा शिरली आणि ब्रेकची दांडी दाबली की लोण्यात बोट जावं तशी थेट मुठीला टेकू लागली. मागचा ब्रेक आहे की, असं म्हणून मी नेत्राला मागं बसवून तुमच्याकडे निघालो आणि उतारावर आम्ही दोघं गाडीसकट लखूच्या शेतात गेलो. लागलं कुणालाच नाही. (लखूच्या भाताला लागलं, पण त्यावर तो स्वतंत्र बोलतो आहे.) नेत्रानं ओढ्यावर पाय धुतले, तेवढ्यात बस आली, आणि चढता चढता ती एवढंच म्हणाली, "दाबल्यावर थांबंल अशी गाडी हुईल तवाच न्यायला या. तवर मी बाबांच्यात."

तेव्हा टॉवर जिवंत होता, म्हणून टेकडीवर चढून मी पहिला फोन तुम्हालाच केला. पाइपातली हवा काढण्यात तुमचा हात धरणारा साऱ्या जोयडा तालुक्यात नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काळ्या पाइपानं आमच्या परसात आणलंत ते तुम्हीच, आणि मधल्या चढावर पाइपानं वारं धरलं की तुम्ही खालचं तोंड ओढ्यापर्यंत नेऊन ते काढून दाखवायचात. तुम्ही म्हणालात, "खालचं तोंड जितकं खाली, तितकं वारं लवकर जातंय परशू. ब्रेक म्हंजे ल्हान पाइपच की." मला पटलं. न पटायला काय झालं, आम्ही सगळे त्याच पाइपाचं पाणी पिणारी माणसं.

मग मी चाकाजवळचा कॅलिपर, म्हणजे चकतीला आवळून धरणारा तो गोळा, नळीसकट सोडवला. दांडी दाबताना दोन पॅड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये सागाची चीप घातली (मोडक्या खिडकीची आहे, फॉरेस्टवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये) आणि अंगणात खड्डा खणून तो त्यात सोडला, हवा काढायच्या निप्पलचं तोंड अगदी पाताळाकडे करून. वर हँडलवरच्या डबीत ऑइल ओतायचं, दांडी दाबून धरायची, खालची निप्पल सैल करायची. ऑइल असं नितळ आलं, एक बुडबुडा नाही, की मला भरून आलं. निप्पल आवळली, दांडी दाबली, आणि ती पुन्हा मुठीला टेकली. रोज हेच चाललं. ऑइल सांडून टाकीवर रंगवलेल्या 'मामांची कृपा' यातलं 'मामांची' निघून गेलं, कृपा तेवढी शिल्लक आहे. गिरजाकाकू येता-जाता खड्ड्यात डोकावून विचारायची, "व्हय रे, हितं काय पुरतोयस?" शेजारचा गुणा तर निप्पलला तोंड लावून हवा ओढायलाच बसला होता. ते ऑइल विषारी असतं म्हणून मी त्याला मागं खेचला, तर रुसला. "जलमभर झऱ्याचं पाणी तोंडानं वढलंय आमी," म्हणाला, "तुज्या वाटीभर तेलाचं काय घेऊन बसलायस?"

काल मात्र काम झालं. गुणाची कोंबडी खड्ड्यात उतरून अंड्यावर बसावं तशी कॅलिपरवर बसली. तिला काढायला गुणानं कॅलिपर उचलला आणि तारेनं हँडलला टांगून ठेवला, निप्पल आभाळाकडे. मी वैतागून तशीच दांडी दाबली, निप्पल सैल केली, तर पेज उकळावी तसे बुडबुडे. ते थांबेपर्यंत दाबत राहिलो आणि दांडी अशी कडक झाली की बोट दुखलं. कॅलिपर जागेवर बसवला, गुणाला मागं बसवून त्याच उतारावर ब्रेक मारला, तो माझ्या पाठीवर येऊन आदळला आणि आम्ही दोघं हसत सुटलो. म्हणजे मामा, युक्ती तुमचीच. फक्त खालचं वर आणि वरचं खाली, एवढाच किरकोळ फरक.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञेतला,
परशू

ता. क. ब्रेक लागतो हे मी सांगून नेत्राला पटायचं नाही. तुमच्या युक्तीनं लागला असं तुम्ही स्वतः सांगितलंत तर ती मागं बसेल. तेवढा शब्द टाकावा.

आणखी एक ता. क. नेत्रा, हे मोठ्यानं वाचू नकोस. मामांची शाळा कानडी, मराठी पत्र त्यांना तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तर ऐक. मामांच्या युक्तीनं हा ब्रेक जन्मात लागला नसता. झऱ्याचं पाणी जोरात येऊन हवा पुढं ढकलतं, ब्रेकात ऑइल घोटघोट उतरतं आणि हवा आपली वरच बसून राहते. पण हे त्यांना कळू देऊ नकोस, म्हाताऱ्याचं मन मोडेल. मला अजून दोघांचा चहा टाकायची सवय जात नाही, दुसरा कप म्हशीच्या आंबोणात ओततो. तुझ्याविना करमत नाही. बुधवारी येतो. गाडीवर बसायची भीती वाटली तर गाडी तुमच्या दारात सोडून तुझ्याबरोबर बसनं येईन. इतका वेळ गप्प काय वाचतेस म्हणून मामा विचारतील, तेव्हा 'गुडघ्याला जपा' असं लिहिलंय म्हणून सांग.