जाड पिनेचे हेडफोन

चि. खटपट्यास,

ताईचे आशीर्वाद, आधी तुझ्या गुडघ्यांना आणि उरले तर तुला. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? (नसेल तर तुझी विडी थांबव, तिचा आपोआप थांबेल.) मी बरी आहे, म्हणजे अजून उभी आहे.

तू पाठवलेले हेडफोन पोचले. हेतू चांगला होता, म्हणून आजवर काही बोलले नाही. तुझ्या मेहुण्यांच्या कानांनी राजीनामा दिल्यापासून आमचा टीव्ही एवढा मोठा लागतो, की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेल्यांनाही आमच्या बातम्या ऐकाव्या लागतात. मला या वयात दागिने नकोत, प्रवास नको, घटकाभर शांतता हवी. पण तू वस्तू पाठवलीस ती तुझ्या वर्कशॉपातली. तिची पिन माझ्या करंगळीएवढी आणि टीव्हीचं भोक मसुराएवढं. मधे काहीतरी जोड लागणार, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान गाठलं.

दुकानदार तोंडात स्क्रू धरून बोलतो. माझ्या पुढच्या गृहस्थांना तो सांगत होता, की मदरबोर्ड गेला, पण डॉटरबोर्ड शाबूत आहे. मी मनात सांत्वनाचं वाक्य जुळवते आहे, तोवर त्या गृहस्थांनी मदर सेकंडहँड मिळेल का म्हणून विचारलंदेखील! मग माझी पाळी. तितक्याच कोरड्या स्वरात प्रश्न आला, "काकू, मेल की फीमेल?"

आता तू पालिकेच्या शाळेत मजेत शिकलास, तुला नाही समजायचं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी फुलाचे भाग शिकवतानासुद्धा दोन पानं एकदम उलटली होती. मागे रांग उभी असताना कुणाचं काय कशात जातं याचा खुलासा मी करू? म्हटलं, "त्यातल्या त्यात सभ्य असेल ते द्या." त्याने दोन्ही टोकांना फीमेल (म्हणजे भोक, हे मागाहून कळलं) असलेला जोड दिला. घरी येऊन पाहते तो हेडफोन त्यात बसले, पण तो टीव्हीत बसेना. दुसऱ्यांदा गेले आणि मान वर न करता "याच्या उलट" एवढंच म्हणाले. त्याने दोन्ही टोकांना मेल असलेला दिला. (माणूस शब्दाला जागला, त्याला काय दोष देणार?)

तिसऱ्यांदा तुझ्या मेहुण्यांना पुढे केलं आणि अक्कल गहाण ठेवून मीही सोबत गेले. त्यांना ऐकू यावं म्हणून दुकानदार ओरडला, "काका, तुमच्याकडे मेल आहे, फीमेल लागेल!" त्यावर हे, रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा थांबवेल अशा आवाजात म्हणाले, "घरी एक आहे, तीच आवरत नाही!" रांग हसली. दुकानदाराच्या तोंडातला स्क्रू पडला, तो शोधायला मी सर्वांच्या आधी वाकले. तोंड लपवायला तेवढीच जागा होती. अखेर एका टोकाला जाड पिनेचं भोक आणि दुसऱ्या टोकाला बारीक पिन, अशी वस्तू पदरात पडली. इतक्या निरुपद्रवी गोष्टींना असली नावं ठेवणारे तुझे जातभाई कोण होते, त्यांना आया होत्या की नाही (बोर्ड नव्हे, खऱ्या), ते एकदा सवडीने कळव.

असो. जोड बसला. घर चिडीचूप आहे. यापुढे मला काही द्यावंसं वाटलं तर रुमाल दे.

तुझी,
दमलेली ताई

ता. क. शांतता छान असते असं मी वर लिहिलं नाहीये, पुन्हा वाचून बघ. काल हे टीव्हीपुढे डोळ्यांत पाणी येईतो हसले. मी चारदा विचारलं, "अहो, झालं काय?" कानांवर तुझे हेडफोन, ऐकतंय कोण! पूर्वी आम्ही दोघं एकच बातमी ऐकून एकत्र चिडत तरी होतो.

ता. क. दुसरा. टीव्हीच्या एकाच भोकात दोघांचे हेडफोन लावता येतील अशी वायर असते म्हणे. ती पाठव, आणि असतील तर हेडफोनची आणखी एक जोडी. त्या वायरला कुठे मेल आणि कुठे फीमेल लागतात ते तुझं तूच बघून घे. मी त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि तिला काय म्हणतात, ते कृपा करून मला कळवू नकोस.